मॅक घरी जोडताय? आधी दुकानाची चिठ्ठी नीट वाचा

या पानावर आपण खत, औषध, ठिबक आणि पीककर्जाची माहिती नेहमी वाचता. आज संगणकाविषयी लिहीत आहे, पण पान उलटू नका. हा विषय आता फक्त शहराचा राहिलेला नाही. लग्नाचे व्हिडिओ करणारी, युट्यूबवर शेतीचे चॅनेल चालवणारी, मोबाईलचे ॲप बनवायला शिकणारी पोरे आता गावोगावी आहेत. त्यांतले एखादे पोर एक दिवस जेवताना सांगते, "मला मॅक पाहिजे." बाप दुकानात किंमत विचारून येतो आणि दोन दिवस विषयच काढत नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, "मॅक कशाला घेता? साधा संगणक जोडून त्यावर मॅकची सिस्टीम टाकून देतो. निम्म्या पैशात काम."

हे बोलणे अगदीच खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे न कळल्यामुळे घरात एक महाग डबा येऊन पडतो.

तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार मागे माझ्याकडे आले होते. त्यांना आपण आबा म्हणू. हातात दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठी. म्हणाले, "सर, जरा नजर टाका ह्यावर. पोरगी पुण्याला व्हिडिओ एडिटिंग शिकतीया. म्हणती, फायनल कट लागतंय आन् ते मॅकवरच चालतंय. दुकानदार म्हणतोय, ह्या मालावर मॅक टाकून देतो. बेदाण्याचं पैसं आल्यात. सकाळी जाऊन आगाऊ देऊन टाकू का?"

चिठ्ठीत लिहिले होते: इंटेल आय५-१२४००एफ, बी६६० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एनव्हीएमई, वायफाय कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. खाली "मॅक लोडिंगसह" असा शेरा आणि सत्तर हजारांच्या पुढची बेरीज.

आता ही चिठ्ठी विंडोजच्या संगणकासाठी असती तर मी आबांना म्हटले असते, खुशाल घ्या. एकही वस्तू खराब नाही. दुकानदारही लबाड नव्हता, त्याने आजवर जे विकले तेच लिहून दिले. पण मॅकसाठी बघाल तर ग्राफिक्स कार्ड संपूर्ण निरुपयोगी, प्रोसेसर अडचणीचा, वायफायचा भरवसा नाही आणि एनव्हीएमई कोणत्या कंपनीचे तेच लिहिलेले नाही. म्हणजे सर्वांत मोठ्या रकमेची वस्तूच वाया.

खुंट आणि काडी

असे का होते, ते बागायतदाराला समजावणे सोपे जाते. डॉगरिजच्या खुंटावर आपण थॉमसनची काडी भरतो. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे. दोघांचे जुळले तर क्षारवट पाण्यातही बाग उभी राहते. पण म्हणून कशावर काहीही भरता येत नाही. चिकूचे कलम खिरणीवर बांधतात, आंब्यावर नाही. आंब्याचे झाड कितीही जोमदार असले तरी चिकूची काडी त्यावर जगत नाही. त्यात आंब्याचा दोष काही नसतो.

विंडोज ही सिस्टीम कोणाच्याही यंत्रावर चालावी म्हणूनच विकली जाते. त्यामुळे कार्ड बनवणारा, वायफाय बनवणारा, प्रत्येक जण विंडोजसाठी ड्रायव्हर लिहून देतो. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूशी कसे बोलायचे हे सिस्टीमला सांगणारा प्रोग्राम. ॲपल कंपनीचे तसे नाही. यंत्रही तिचेच, सिस्टीमही तिचीच. त्यामुळे तिने स्वतःच्या यंत्रांत जे भाग बसवले, मुख्यतः त्यांचेच ड्रायव्हर मॅकच्या सिस्टीममध्ये असतात. बाहेरची वस्तू कितीही भारी असो, तिची भाषा सिस्टीमला येत नाही.

मग साध्या संगणकावर मॅक चालते तरी कसे? जानेवारी २००६ पासून ॲपलने आपल्या यंत्रांत इंटेलचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. त्याआधी पॉवरपीसी नावाचे वेगळ्या जातीचे प्रोसेसर होते. इंटेल आल्यावर मॅक आणि साधा संगणक यांचे काळीज एकच झाले. हे ओळखून हौशी लोकांनी साध्या संगणकावर मॅकची सिस्टीम चालवण्याचे मार्ग शोधले. अशा यंत्राला हॅकिन्टॉश म्हणतात. आज या कामासाठी ओपनकोअर नावाचा प्रोग्राम वापरतात. हा २०१९ मध्ये आला, त्याआधी क्लोव्हर होता. संगणक सुरू होताना ओपनकोअर मध्ये उभा राहतो आणि मॅकच्या सिस्टीमला सांगतो की, "हे यंत्र २०१९ चे आयमॅक आहे." सिस्टीमचा विश्वास बसतो आणि ती चालू होते. पण सांगून भागते ते एवढ्यापुरतेच. आतल्या कार्डाचा ड्रायव्हरच नसेल तर ओपनकोअर तो कोठून आणणार?

यावरून एकच नियम निघतो. भाग निवडताना "हा चांगला आहे का" असे विचारू नका, "हा भाग किंवा याचा सख्खा भाऊ ॲपलने स्वतःच्या कोणत्या यंत्रात बसवला होता" असे विचारा. उत्तर मिळाले तर पुढे जा. दुकानदाराला ते सांगता आले नाही तर चिठ्ठी तिथेच ठेवा.

ग्राफिक्स कार्ड: येथेच पैसे बुडतात

या कार्डावर सविस्तर लिहितो, कारण फसगत सर्वांत जास्त इथे होते आणि रक्कमही इथेच मोठी असते.

एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स नावाची कार्डे, मग ती २०६० असोत, ३०६० असोत की ४०६०, मॅकच्या कोणत्याही आवृत्तीत चालत नाहीत. त्यांचा ड्रायव्हर कधी आलाच नाही. जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिका हाय सिएरा म्हणजे १०.१३ या आवृत्तीपर्यंत एनव्हिडियाच्या वेगळ्या ड्रायव्हरवर चालत. २०१८ मध्ये मोहावे आवृत्ती आली, तिच्यासाठी तो ड्रायव्हर निघाला नाही. त्याहून जुनी केप्लर जातीची कार्डे ॲपलने स्वतः वापरली होती, म्हणून ती बिग सरपर्यंत चालली. २०२१ च्या मॉन्टेरी आवृत्तीत तोही ड्रायव्हर गेला. तेव्हा "माझ्या मित्राकडे एनव्हिडियावर मॅक चालतंय" असे कोणी सांगितले तर आवृत्ती विचारा. तो हाय सिएरावर किंवा फार तर बिग सरवर अडकलेला असणार, आणि त्यावर आजचे फायनल कट बसत नाही.

एएमडी कंपनीची कार्डे हाच खरा रस्ता. पण तेथेही सगळी नाहीत. २०१९ च्या २७ इंची आयमॅकमध्ये ॲपलने रेडिऑन प्रो ५७०एक्स, ५८०एक्स ही कार्डे दिली, म्हणून बाजारातली आरएक्स ५७० आणि ५८० चालतात. २०२० च्या आयमॅकमध्ये ५५०० एक्सटी आणि ५७०० होती, म्हणून आरएक्स ५५०० एक्सटी, ५६०० एक्सटी, ५७०० चालतात. पुढे २०१९ च्या मॅक प्रोसाठी ॲपलने डब्ल्यू६८००एक्स आणि डब्ल्यू६६००एक्स ही कार्डे विकली, म्हणून आरएक्स ६६००, ६८००, ६९०० चालतात. आता गंमत बघा. याच मालिकेतले, किमतीने ६६०० आणि ६८०० च्या मध्ये बसणारे आरएक्स ६७०० एक्सटी सरळ चालत नाही! कारण त्यातली चिप ॲपलने कोणत्याच यंत्रात बसवली नाही. थोरला चालतो, धाकटा चालतो, मधला नाही. आणि आरएक्स ७००० मालिकेसाठी ड्रायव्हरच नाही. "नवीन म्हणजे चांगले" हा हिशेब येथे उलटा पडतो तो असा.

स्वस्तात जाणाऱ्यांचा हमखास घोटाळा आरएक्स ५५० या कार्डावर होतो. नाव ५७० च्या घरचे वाटते, किंमत कमी, म्हणून लोक घेतात. पण या नावाखाली दोन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या. एक बॅफिन, ती ॲपलने वापरलेल्या जातीची. दुसरी लेक्सा, ती ॲपलने वापरली नाही, आणि बाजारात बहुतेक वेळा तीच मिळते. खोक्यावर हे लिहिलेले नसते. विंडोजच्या यंत्रात बसवून जीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्रामने चिपेचे नाव बघता येते. तेवढी सोय दुकानदार करत नसेल तर ५५० घेऊच नका.

सेकंडहँड ५७०, ५८० घेताना आणखी एक बघा. कॉइन मायनिंगच्या धंद्यात ही कार्डे रात्रंदिवस पळवली गेली आणि धंदा बसल्यावर भंगाराच्या भावात बाजारात आली. दिवसाचे वीस तास चाललेली मोटर जशी रंग मारून विकायला ठेवतात, तसे समजा. काहींचे बायोसही मायनिंगसाठी बदललेले असते आणि मॉनिटरवर चित्रच येत नाही. त्यामुळे चालू यंत्रात, मॉनिटर लावून, निदान अर्धा तास चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

कार्ड न घेताही भागते

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेली यंत्रे असतात. इंटेलच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या पिढीच्या आय३, आय५, आय७ डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये यूएचडी ६३० हे ग्राफिक्स आहे आणि ॲपलचा ड्रायव्हर त्याला ओळखतो. दहाव्या पिढीनंतर ॲपलने इंटेलचे नवे प्रोसेसर घेतले नाहीत. म्हणून अकराव्या पिढीपासून पुढचे आतले ग्राफिक्स चालत नाही. बारावी, तेरावी पिढी "मी दहावी आहे" असे सांगून चालवतात, पण तेव्हा चालणारे एएमडी कार्ड वेगळे घ्यावेच लागते. आबांच्या चिठ्ठीतल्या १२४००एफ मधला शेवटचा "एफ" म्हणजे आत ग्राफिक्स मुळातच नाही. एवढ्या एका अक्षरासाठी नाव पूर्ण वाचायचे असते. सात-बारावरचा गटनंबर जसा आपण पोटहिश्श्यासकट वाचतो, तसा प्रोसेसरचा नंबरही शेवटच्या अक्षरासकट वाचा.

पेंटियम आणि सेलेरॉनच्या नादी लागू नका. त्यांतल्या यूएचडी ६१० ला ड्रायव्हर नाही. तिसऱ्या पिढीची व त्याआधीची यंत्रे सरकारी लिलावात आणि भंगारात भरपूर दिसतात. त्यांत एव्हीएक्स२ ही सोय नाही आणि २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीपासून सिस्टीम ती गृहीत धरते. एएमडीचे रायझन प्रोसेसर ॲपलने कधीच वापरले नाहीत. हौशी मंडळी सिस्टीमच्या गाभ्यात बदल करून तेही चालवतात, पण काही सॉफ्टवेअर मध्येच कुरबुरतात. शिकणाऱ्या पोराला ती डोकेदुखी नको.

बोर्डाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रोसेसरच्या पिढीशी जुळणारा बोर्ड घ्यावा लागतो हे दुकानदाराला माहीत असते. फक्त त्यावरचे लॅन इंटेल आय२१९ किंवा रियलटेक ८१११ आहे का, ते विचारा. दोन्ही चालतात.

रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर यांना मॅक-विंडोज असा भेद नाही. तेथे दुकानदाराचे ऐका.

एनव्हीएमईचे तसे नाही. सॅमसंग पीएम९८१ व पीएम९८१ए आणि मायक्रॉन २२००एस हे माल कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉप-संगणकांतून काढून सुटे विकले जातात. विंडोजमध्ये उत्तम, पण मॅक टाकताना यंत्र मध्येच बंद पडते. सुटा, बिनखोक्याचा एनव्हीएमई कोणी स्वस्तात देत असेल तर लेबल वाचा. सर्वांत निर्धोक म्हणजे साधी साटा एसएसडी. थोडी हळू असते, पण अडत नाही.

वायफायमध्ये ॲपल वर्षानुवर्षे ब्रॉडकॉमच्या चिपा वापरत आली. त्यामुळे बीसीएम९४३६० हे कार्ड एके काळी हॅकिन्टॉशवाल्यांचे लाडके होते. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीत त्याचा ड्रायव्हर काढला गेला आणि तेव्हापासून ते ठिगळ लावून चालवावे लागते. इंटेलची वायफाय कार्डे स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरवर चालतात, एअरड्रॉप मात्र मिळत नाही. रियलटेक आणि मीडियाटेकची आतली कार्डे चालत नाहीत, आणि स्वस्त बोर्डावर बहुतेक तीच असतात. माझा सल्ला, घरात फायबरची लाईन असेल तर सरळ लॅनची वायर ओढा. मोबाईलच्या नेटवर अवलंबून असाल तर हेही ध्यानात ठेवा की, बहुतेक अँड्रॉइड फोनचे यूएसबी टेदरिंग मॅकवर सरळ चालत नाही. विंडोजला चालते म्हणून येथे चालेल असे धरून चालू नका. मॅकचा पूर्ण इन्स्टॉलर बारा जीबीच्या पुढे असतो, तेव्हा नेटची सोय आधी बघा.

लॅपटॉपवर हा प्रयोग करण्याचा विचारही पहिल्या वेळी करू नका. त्यातले प्रोसेसर आणि ग्राफिक्स सहसा बदलता येत नाहीत.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. भाग सगळे बरोबर घेतले, पेनड्राइव्ह तयार केला, मॅकचा पहिला पडदा आला आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही मेले. चार तास बसलो. वायर बदलली, दुसरा कीबोर्ड मागून आणला. दोष कशाचाच नव्हता. मॅकची सिस्टीम एका यूएसबी कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजते, आणि निळ्या रंगाचे एक भोक ती दोन पोर्ट धरते, कारण त्यात जुना आणि नवा असे दोन मार्ग असतात. कोणते पोर्ट ठेवायचे, कोणते सोडायचे याची यादी आधी करून द्यावी लागते. ती मी केली नव्हती आणि माझा कीबोर्ड सोळाव्याच्या पुढे गेला होता. हे काम विंडोजमध्ये बसून आधीच करता येते. मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले होते, मीच ते पान घाईत ओलांडले.

कायदा, आणि रस्त्याचा शेवट

आता जे दुकानदार सांगत नाही ते सांगतो. मॅकची सिस्टीम ॲपलच्याच यंत्रावर वापरावी, अशी तिच्या परवान्याची अट आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सायस्टार नावाची कंपनी २००८ मध्ये अशी जोडलेली यंत्रे उघडपणे विकू लागली. ॲपलने त्याच वर्षी दावा लावला, डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने विक्रीवर मनाई केली आणि २०११ मध्ये अपिलातही निकाल ॲपलच्याच बाजूने गेला. तेव्हा "मॅक लोडिंगसह" असे बिलावर लिहून देणारा दुकानदार स्वतःच अडचणीत असतो, आणि यंत्र बिघडल्यावर तुमच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही. ॲपलकडे दुरुस्तीला नेता येत नाही हे तर उघडच आहे.

म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती, ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या कार्यालयात हा प्रयोग करू नका. कोणी तंत्रज्ञ "पंचायतीला मॅक करून देतो" म्हणाला तरी नको. दाखल्यांचे, कराचे, डिजिटल सहीचे आपले काम विंडोजवर सुरळीत चालते, आणि परवान्याची अट मोडून चालवलेल्या यंत्रावर सार्वजनिक दप्तर ठेवणे बरे नव्हे. घरीसुद्धा कोणीतरी बनवलेला "तयार पेनड्राइव्ह" वापरू नका. त्यात काय भरले आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि उद्या त्याच यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकणार.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जून २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर वापरण्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये एम१ ची यंत्रे आणली. शेवटचे इंटेलवाले मॅक प्रो जून २०२३ मध्ये विक्रीतून गेले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेली ताहो म्हणजे २६ ही आवृत्ती इंटेलसाठी शेवटची, असे कंपनीने त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर केले. तिच्यातही इंटेलची मोजकीच यंत्रे घेतली. २०१९ चे आयमॅक त्यात नाही, त्याची गाडी सिक्वोया म्हणजे १५ वर थांबली. म्हणजे खुंट कितीही चांगला निवडा, काडीच मिळायची बंद झाली आहे. सॉफ्टवेअरवाले हळूहळू नवी आवृत्ती मागत जातात. आयफोनचे ॲप बनवणाऱ्या एक्सकोड २६ ला आजच किमान १५.६ लागते.

तेव्हा हॅकिन्टॉशसाठी नवा माल घेण्याचे दिवस गेले. कर्ज काढून, दागिना ठेवून तर मुळीच नको. घरात आठव्या ते दहाव्या पिढीचे यंत्र पडून असेल, दोन-तीन वर्षे शिकण्यापुरते वापरायचे असेल, तर मात्र खर्च थोडा आणि शिकणे भरपूर.

हिशेबही मांडून बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एम४ चे मॅक मिनी भारतात आले तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती, त्यात १६ जीबी रॅम. विद्यार्थ्यांसाठी कंपनीची वेगळी सवलत होती. मॉनिटर, कीबोर्ड आपला लावायचा. आबांच्या चिठ्ठीतून मॉनिटर वगळला तरी बेरीज त्या किमतीच्या फार खाली येत नव्हती. आणि मुलीला फक्त व्हिडिओ कापायला, जोडायला शिकायचे असेल तर डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, त्याची फुकट आवृत्तीही आहे. त्यासाठी दुकानदाराची ती चिठ्ठी उत्तम होती! फायनल कट, लॉजिक, एक्सकोड यांचीच सक्ती असेल तर मॅक लागतो. हे आधी कॉलेजात विचारून या, म्हणून मी आबांना सांगितले.

आबांनी तिथूनच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, कोर्सला फायनल कटच आहे. पण लॅबमध्ये मॅक आहेत, मला घरी सरावाला पाहिजे." मी विचारले, घरात आत्ता कोणता संगणक आहे? करोनाच्या साली थोरल्याच्या ऑनलाइन क्लाससाठी कोणत्या तरी कंपनीतून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप घेतला होता, तो कपाटावर ठेवलेला. तिने सुट्टीत आल्यावर मागच्या लेबलाचा फोटो पाठवला. आय५-८५००. मी आबांना फोन करून म्हटले, "आबा, २०१९ च्या २७ इंची आयमॅकात ॲपलने हाच प्रोसेसर बसवलाय. तुमच्या कपाटावर खुंट तयार आहे."

"आन् एवढं सत्तर हजाराचं?" आबा म्हणाले.

"ते बँकेत राहू द्या. कोर्स पूर्ण झाला, काम मिळायला लागलं, की खरा मॅक घ्या."

त्यातला एनव्हीएमई निघाला नेमका पीएम९८१ए. तो काढून दुसऱ्या यंत्राला दिला आणि साटा एसएसडी बसवली. रॅम ८ ची १६ केली. वायफायच्या भानगडीत न पडता लॅनची वायर खिडकीतून घेतली. पोर्टची यादी यावेळी आधी केली. परवान्याची अट काय आहे आणि ही सोय किती दिवसांची आहे, हे मुलीला समोर बसवून सांगितले. सिस्टीम सोनोमा टाकली, कारण लॅबमध्ये तीच होती. नवीन आवृत्तीचा निरोप आला की आपण होऊन बटण दाबायचे नाही, आधी कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, हे तिने वहीत लिहून घेतले. मोठे व्हिडिओ यूएचडी ६३० वर रेंगाळतात, त्याला इलाज नाही. तिने केलेला पहिला व्हिडिओ घरच्याच बागेतल्या ऑक्टोबर छाटणीचा होता. सहा मिनिटांचा. तो बाहेर काढताना मध्ये लाईट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

आबा मग त्याच दुकानात गेले. जुनी चिठ्ठी परत केली आणि त्याच्याकडून एक यूपीएस घेतला.